मागच्या फाटकापाशी टाकलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला, दोघांनी बसायचा. पुढं उतरती फळी, खाली दप्तर ठेवायला कप्पा, आणि चार पाय, त्यातला एक जरा डुगडुगतो. हल्ली मी शाळेच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून असतो. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे ठेवलेत आणि कप्प्यात मांजरीनं दोनदा पिल्लं घातली आहेत. माझी कहाणी ऐकून तुम्हाला रडू यावं अशी माझी इच्छा नाही. थोडा राग आला तरी मला पुरे.

एका सुतारानं मला घडवलं. कुठलंसं गोदाम पाडलं होतं, त्याच्या दारांच्या फळ्या त्यानं स्वस्तात आणल्या होत्या. म्हणजे मागच्या जन्मी मी दार होतो. सुतार तापट होता, पण हात चांगला होता. त्याच्या मुलानं विचारलं, "बाबा, दोघांच्या मध्ये एक फळी ठोकू का? भांडणार नाहीत." सुतार म्हणाला, "भांडू दे की. भांडल्याशिवाय ओळख होते का कुठं?" म्हणून माझी बसायची फळी सलग राहिली. पॉलिशचा वास जायच्या आत मला हातगाडीवर घालून शाळेत आणलं गेलं.

आमची शाळा एका चढाच्या बरोबर मध्यावर आहे. वरच्या अंगाला बाल्कन्यांची घरं, फुलांच्या कुंड्या, झाकून ठेवलेल्या गाड्या. खालच्या अंगाला एकमेकींना चिकटलेल्या खोल्या, पत्र्याची छपरं, गल्लीभर वाळत घातलेले कपडे. वर राहणाऱ्यांना सगळे चढाचे म्हणत आणि खाली राहणाऱ्यांना उताराचे. शाळेला दोन फाटकं होती. पुढचं फाटक चढाच्या रस्त्यावर उघडायचं आणि मागचं थेट उताराच्या गल्लीत. घंटा झाली की दोन्हीकडून मुलं आत यायची आणि मैदानात एकमेकांना धडकायची. कोण कुठल्या फाटकातून आलं हे धुळीत कोणाला कळत नसे.

मी ज्या वर्गात होतो तिथल्या बाई उंच होत्या, आवाज खणखणीत, आणि रागावल्या तर हातातला खडूसुद्धा मोडायचा. त्यांचे नियम दोनच. एका बाकावर एक चढाचं मूल आणि एक उताराचं. आणि बाकावर पुस्तक एकच उघडायचं, मधोमध. दोघांकडे असलं तरी दुसरं दप्तरात. एकाचं वाचून झालं तरी दुसऱ्याचं होईपर्यंत पान उलटायचं नाही. सुरुवातीला मुलं वैतागायची. ज्याचं आधी व्हायचं तो दुसऱ्याला कोपरानं ढोसायचा. मग कंटाळून म्हणायचा, "कुठं अडलंस? दाखव." बाईंना तेवढंच हवं असायचं.

चढावरच्या एक आई एकदा तक्रार घेऊन आल्या. "अहो बाई, तुम्ही असं शेजारी बसवता, आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या."

बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात त्या तुमच्याच इमारतीतून आल्या होत्या. उतारावरच्या आया आठवडाभर फणी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली एकसुद्धा माझ्याकडे आली नाही."

त्या काळात आमच्या वर्गाचं कौतुक फार व्हायचं. पाहुणे यायचे, माझ्या फळीवरून हात फिरवायचे, "काय आदर्श वर्ग आहे" म्हणायचे आणि स्वतःच्या मुलांना भलत्याच शाळेत घालायचे. कौतुकाचं असंच असतं. त्याला काही खर्च येत नाही.

माझ्यावर कितीतरी जोड्या बसून गेल्या. कर्कटकानं माझी पाठ कोरली, च्युइंगम चिकटवलं, एकानं तर शाईची दौत पालथी केली. सगळ्यांची मला आठवण आहे असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण शेवटच्या जोडीची आहे, आणि माझी कडू जीभ त्यांच्यामुळेच आहे.

त्यातली एक उताराची. गणित करताना ती सारखी काहीतरी गुणगुणायची, म्हणून वर्ग तिला गुणगुणी म्हणायचा. गणितं मात्र अशी सोडवायची की बाईंचं फळ्यावर लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. दुसरी चढाची, जाड भिंगांची, म्हणून चष्मिस. तिला गणिताचं नाव काढलं की पोटात दुखायचं, पण वाचायची सुरेख. पहिल्या दिवशी चष्मिसनं फळीच्या मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाली, "ही तुझी बाजू, ही माझी." गुणगुणीनं रेघेकडं पाहिलं, थुंकी लावली आणि बोटानं पुसून टाकली. "वाकडी आली होती," ती म्हणाली. चष्मिसला हसू आवरलं नाही, आणि दोघींची गट्टी जमली.

गुणगुणीची आई मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. पहाटे जायची, दुपारी यायची. हातावर भाजल्याचे डाग आणि अंगाला वाफेचा वास. नवरा परगावी कामाला, पदरात ही मुलगी आणि एक लहानगा. त्यांची खोली मागच्या भिंतीला लागूनच होती. पोरगी घंटेचा पहिला टोला ऐकून उठायची आणि शेवटच्या टोल्याला बाकावर हजर असायची, असं बाई थट्टेनं म्हणायच्या. आईचं एकच म्हणणं, "हिची दहावी याच शाळेतून झाली पाहिजे. मग मी इस्त्रीवर उभी राहून मेले तरी चालेल." तिच्या लाँड्रीत हिशेबाच्या खिडकीवर एक मुलगी बसायची, पंख्याखाली, खुर्चीवर. ती याच शाळेत शिकलेली होती. ती खुर्ची या माउलीच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

चष्मिसचे वडील दातांचे डॉक्टर. माणूस गोड, अगदी जिभेवर खडीसाखर. वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळ्या मुलांचे दात तपासायचे आणि उताराच्या मुलांनाही तितक्याच प्रेमानं "आ कर बाळा" म्हणायचे. गुणगुणीच्या आईची दाढ ठणकत होती तेव्हा त्यांनी ती एक पैसा न घेता काढून दिली होती. तेव्हापासून ती त्यांना देव मानायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या दाढेवरून घडलं.

झालं असं की उताराच्या खालच्या रस्त्यावर मालाची गोदामं आली आणि त्यांच्याबरोबर ट्रक आले. वळण्यासाठी ते मागच्या फाटकासमोरच्या गल्लीत घुसायचे. एके दिवशी एका ट्रकचा पहिलीतल्या मुलाला धक्का लागला. कपाळाला टाके पडले, जीव वाचला. पण सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं.

लगेच पालकांची सभा बोलावली. बाईंच्या वर्गात रीत अशी की पालकांनी आपापल्या मुलाच्या जागेवर बसायचं. म्हणून माझ्यावर एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाली आई. दोघांचे गुडघे फळीला टेकत होते. ती बिचारी काठावर सरकून बसली होती, डॉक्टरांना जागा व्हावी म्हणून.

डॉक्टर उभे राहिले. "मला वाटतं, मागचं फाटक बंद करू या. सगळीच मुलं पुढून येऊ देत. पुढं पहारेकरी आहे, फुटपाथ आहे. मी हे उताराच्या मुलांच्याच भल्यासाठी सांगतोय."

मागून उतारावरचे एक आजोबा म्हणाले, "साहेब, पण वळसा केवढा पडंल? खालच्या रस्त्यानं चौकापर्यंत जायचं, मग सगळा चढ चढायचा."

तेव्हा माझ्या या बाजूनं आवाज आला. "पडू दे की वळसा, काका. लेकराच्या जिवापेक्षा का वळसा मोठा आहे? डॉक्टरसाहेब आपल्या वाईटाचं सांगतील का?" आणि तिनं हात वर केला. तो पहिला हात. त्याच्यामागून उतारावरचे सगळे हात वर आले. चढावरच्यांना हात वर करायची फारशी गरजच पडली नाही.

बाईंनी तेवढं विचारलं, "बंद म्हणजे शाळेच्या वेळेत कुलूप, की कायमचं?"

हेडसर म्हणाले, "ते बघू नंतर."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला शंका विचारता येत नाहीत. पण त्या सभेत ट्रक थांबवा असं एकालाही सुचलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ट्रक मोठे, मुलं लहान. म्हणून वळसा मुलांनी घालायचा. पुढच्याच आठवड्यात वेल्डर आला, ठिणग्या उडाल्या आणि मागचं फाटक कायमचं जोडलं गेलं. त्यावर कोणीतरी हिरवा रंगही मारला, छान दिसावं म्हणून.

गुणगुणी आता धापा टाकत वर्गात यायची. पायाला धूळ, कपाळावर घाम. चष्मिस तिच्यासाठी पाण्याची बाटली माझ्या कप्प्यात आधीच काढून ठेवायची. "काखेत कळसा आणि गावाला वळसा झालंय माझं," गुणगुणी आजीबाईसारखी म्हणायची आणि दोघी हसायच्या. हसण्यासारखं होतं तोवर हसल्या.

दरम्यान चढावर जुनी घरं पाडून उंच इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक मजल्यावर मुलं. आणि आमच्या शाळेचा निकाल चांगला, त्यामुळे सगळ्यांना याच शाळेत जागा हवी. आता या शाळेचं नाव कोणामुळे झालं होतं, तर त्याच वर्गांमुळे जिथं एका पुस्तकात दोन डोकी घातलेली असायची. पण ते कोणाला सांगणार? शिक्षण कचेरीनं जाहीर केलं की शाळेला हद्द आखायची. हद्दीच्या आतल्यांना प्रवेश, बाहेरच्यांनी पुढच्या वर्षापासून दुसरी शाळा धरायची. त्यासाठी सुनावणी ठेवली. आम्हा बाकांना उचलून सभागृहात नेलं. तिथं रीतभात कोण पाळतो, पण गुणगुणीच्या आईनं बरोबर मला शोधून काढलं आणि लेकीच्या जागी येऊन बसली. दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि मध्ये चष्मिस. घरी तिच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं म्हणून आणलेली.

चढावरचे एकेक जण उठून बोलले. मी जन्मात इतकं गोड बोलणं ऐकलं नव्हतं. सगळ्यांची सुरुवात एकच, "आमचा कोणावर राग नाही." एक म्हणाले, शाळा जवळ असणं हा मुलांचा हक्क आहे. एक म्हणाल्या, गर्दीमुळे उताराच्या मुलांकडेच लक्ष देता येत नाही, त्यांचंच नुकसान होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच म्हणायचं होतं, पण त्याला त्यांनी तास घेतला.

कचेरीचे साहेब भिंतीवरच्या नकाशासमोर उभे होते. ते म्हणाले, "आम्ही चढ-उतार काही पाहणार नाही. सरळ नियम आहे. शाळेच्या फाटकापासून चालत एक किलोमीटरच्या आतली घरं हद्दीत. बाहेरची बाहेर." आणि त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. रेघ वरच्या नव्या इमारतींना पोटात घेऊन निघाली होती. खाली मात्र ती शाळेच्या मागच्या भिंतीवरूनच गेली होती.

गुणगुणीची आई उठली. तिला वाटलं, साहेबांची नजरचूक झाली. ती हसूनच म्हणाली, "साहेब, तुमचं काहीतरी चुकलं. माझी खोली भिंतीला लागून आहे. मुलं मैदानात खोखो खेळताना मला ऐकू येतात."

"खरं आहे ताई, पण चालायचा रस्ता धरावा लागतो. खालून चौकातून वर यायला किलोमीटरच्या पुढं जातं."

"पण मागच्या फाटकातून..."

"मागचं फाटक नाहीये ना आता. बंद फाटकापासून मोजता येत नाही."

"मग उघडा की ते."

साहेबांनी हेडसरांकडं पाहिलं. हेडसरांनी घसा साफ केला. "ते पालकांच्याच मागणीवरून बंद केलंय. उतारावरच्या सगळ्या पालकांनी हात वर केले होते." मग हळूच म्हणाले, "तुम्हीच पहिला केला होतात, ताई."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हात दाखवून अवलक्षण." ती उतारावरचीच एक बाई होती.

ती माउली माझ्यावर बसली. बसली म्हणजे पडलीच. तिनं डॉक्टरांकडं वळून पाहिलं. भांडायला नाही हो, अजून तिला वाटत होतं की ते काहीतरी बोलतील. "साहेब, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही म्हणाला होतात पोरांच्या भल्यासाठी."

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्न होता. तो आजही आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं का, मला सांगता येणार नाही. कदाचित नसेलही. पण आता तर कळलं होतं, आणि एक शब्द बोलायचा होता. तो ते बोलले नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथं तर शेजारी मांडी लावून बसलेल्यालाही कळेना.

बाई उठल्या. "एक वेल्डर बोलवा आणि ते फाटक कापा. रखवालदार मी माझ्या पगारातून ठेवते. ट्रकवाल्यांशी मी बोलते. पण या मुलांना असं भिंतीबाहेर काढू नका." कोणी टाळी वाजवली नाही. साहेब म्हणाले, "भावना समजतात बाई, पण आजचा विषय हद्दीचा आहे, फाटकाचा नाही."

मग चष्मिसनं वडिलांची बाही ओढली. "बाबा, मग ती कुठं जाणार?"

"तिच्यासाठी दुसरी शाळा आहे ना. तीही चांगली आहे."

"तुमच्याकडे गाडी आहे. मग आपण जाऊ या ना तिकडं."

"वेड्यासारखं बोलू नकोस," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

पुढच्या वर्षी उताराचं एकही मूल वर्गात नव्हतं. बाईंची बदली झाली. बढती म्हणाले, पण कचेरीतल्या कुठल्याशा खोलीत, जिथं मूलही नाही आणि बाकही नाही. चढावरच्या पालकांनी वर्गणी काढून प्रत्येक मुलाला वेगळी प्लास्टिकची खुर्ची आणली, हाताला छोटी फळी असलेली. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, प्रत्येकाची रेघ वेगळी. आम्हा बाकांना मागच्या अंगणात आणून टाकलं. काहींचं सरपण झालं. मी लाकडाचा पक्का निघालो, नाहीतर तुम्हाला हे सांगायला उरलो नसतो.

सुरुवातीला मधल्या सुट्टीत चष्मिस माझ्याकडे यायची. डबा खायची आणि हिरव्या फाटकाच्या पत्र्यावर बोटानं टकटक करायची. पलीकडे कोणी नसायचं, कारण गुणगुणीची नवी शाळा मोठ्या रस्त्याच्या पार पलीकडे होती आणि ती संध्याकाळी घरी यायची. मग चष्मिसला नव्या मैत्रिणी मिळाल्या. मी तिला दोष देत नाही. मुलं विसरतात, तिथंच तर मोठ्यांचं फावतं.

पण मी भिंतीला टेकून आहे आणि भिंत पातळ आहे. पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. आईची पाळी पहाटेची, म्हणून लहानग्याला लेकीनं सोडायचं एकीकडे आणि तिची नवी शाळा दुसरीकडे. गुणगुणीला रोज उशीर व्हायचा. तिथले सर उशिरा आलेल्यांना तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करायचे, आणि पहिला तास गणिताचा असायचा. जिला गणित येत होतं ती गणिताच्या तासाला बाहेर उभी. वर्षभर हे चाललं. नववीच्या मध्यावर एका पहाटे मला पलीकडून दोन जोड्या चपलांचा आवाज आला, नेहमीच्या एका जोडीऐवजी. गुणगुणी आईबरोबर लाँड्रीत निघाली होती, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करायला.

आणि हो, चढावर आता नवीन भांडण लागलं आहे. तिथल्या काही इमारतींत भाड्यानं राहणाऱ्यांची मुलं वाढलीत, तर मालकांनी पुन्हा हद्दीचा विषय काढलाय. काल सभागृहाच्या खिडकीतून ऐकलं. "आमचा कोणावर राग नाही," कोणीतरी सांगत होतं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू तुम्हाला विनवतात की आमची निगा राखा, रंग लावा, कोरू नका. मला काही नको. डबे असू देत, मांजर असू दे. माझी विनंती वेगळी आहे. पलीकडे त्या खोलीत एक बाई रोज संध्याकाळी पोरीच्या बोटांना तेल चोळते, आणि रोज एकच वाक्य म्हणते, "मीच गं तो हात वर केला." पोरगी म्हणते, "जाऊ दे आई." आणि दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तेच म्हणते. इतक्या वर्षांत तिनं डॉक्टरांचं नाव घेतलेलं नाही, साहेबांचं नाही, हेडसरांचं नाही, ट्रकवाल्यांचंही नाही. सगळा दोष तिनं एकटीनं पदरात बांधून घेतलाय.

तर तुमच्यापैकी कोणीतरी जा आणि तिला सांगा की चूक तिची नव्हती. मला चार पाय आहेत, पण उपयोग नाही. तुम्हाला जायचं तर पुढच्या फाटकातून बाहेर पडून, सगळा चढ उतरून, चौकातून वळून खालच्या रस्त्यानं जावं लागेल. एक किलोमीटरपेक्षा जास्त पडतं. तेवढं चाला.